लाद्या फोडण्याआधी यांना बोलवा (५ पैकी ४ तारे, मुलुंड पूर्व)

मार्च संपता संपता खालच्या मजल्यावरच्या आजी जिना चढून वर आल्या. "अगं, तुमच्या बाथरूमचं पाणी माझ्या वॉशिंग मशीनवर पडतंय." खाली जाऊन पाहिलं तर छताला पोपडे सुटलेले, मधोमध गंजाचा तांबूस डाग आणि मशीनवर टाकलेला टॉवेल ओलाचिंब. आजी एकट्याच राहतात. रात्री उठून बादली रिकामी करत होत्या, हे ऐकून मला फार वाईट वाटलं.

ओळखीच्या कंत्राटदाराने पाच मिनिटं पाहिलं आणि सांगून टाकलं: पूर्ण बाथरूम तोडा, नवीन वॉटरप्रूफिंग करा, १ लाख ३५ हजार. गळती नेमकी कुठे, ते मात्र त्याला सांगता येईना. खर्च आमचाच, याबद्दल वाद नव्हता. सोसायटीच्या उपविधींप्रमाणे संडास-बाथरूमची आतली गळती सभासदानेच दुरुस्त करायची असते. पण न शोधताच तोडायचं, हे मनाला पटेना. भाचीने न तोडता गळती शोधून देणाऱ्या या लोकांचा नंबर दिला.

फोनवरचा त्यांचा पहिलाच प्रश्न मला आवडला. "काकू, तुम्ही पाणी वापरत नसताना खाली थेंब पडतात का?" आम्ही दोन दिवस पुण्याला होतो, तेव्हाही आजींची बादली भरत होती. "मग पाइपवर संशय जास्त. पण बाथरूमच्या लाद्यांखाली विटांच्या तुकड्यांचा कोबा असतो, त्यात साठलेलं पाणीही दोन-दोन दिवस झिरपतं. तपासल्याशिवाय सांगणार नाही."

११ची वेळ दिली होती, आले १ वाजता. एक तारा इथेच गेला. आले मात्र पूर्ण तयारीने.

मला वाटलं होतं, थर्मल कॅमेरा लावतील आणि पाणी दिसेल. त्यांनीच समजावलं की कॅमेऱ्याला पाणी दिसत नाही, भिंतीच्या तापमानातला फरक दिसतो. ओल वाळताना भिंत गार पडते, तेवढाच इशारा. ओल मोजायचं दोन टोच्यांचं यंत्र आधी माझ्या बेडरूमच्या कोरड्या भिंतीवर टेकवलं, मग बाथरूमच्या मागच्या भिंतीवर. नुसत्या आकड्याला अर्थ नाही, कोरड्या भिंतीशी ताडूनच बघायचं, म्हणाले.

खरा निकाल लागला प्रेशर टेस्टमध्ये. गरम-गार पाण्याचा मिक्सर नळ काढला, पाइपांची तोंडं बूच लावून बंद केली, छोट्या पंपाने गार पाण्याच्या लाइनमध्ये ५ किलो प्रेशर भरलं. अर्धा तास काटा हलला नाही. मग तेच गिझरच्या लाइनला. मी स्टूल ओढून काट्यासमोरच बसले. पाच, पावणेपाच, साडेचार... दहा मिनिटांत साडेतीनवर! गळती गरम पाण्याच्या पाइपमध्ये. त्या क्षणी माझ्या डोक्यावरचं ओझं निम्मं उतरलं.

मग जागा शोधायची. मिक्सर परत बसवला, गिझर तापवून गरम पाणी सोडलं आणि आता कॅमेरा धरला. टाइल्सच्या मागे पाइपची पिवळी रेघ सरळ खाली येत होती आणि मिक्सरच्या डाव्या एल्बोशी (पाइप वळतो तिथल्या जोडाशी) तिचा ढग झाला होता. थेंब आजींकडे पडत होते तिथून ही जागा चांगली चार फूट लांब! पाणी कोब्यातून सरकत जाऊन स्लॅबला जिथे वाट मिळाली तिथे बाहेर पडत होतं.

माझ्या समाधानासाठी त्यांनी नहाणी ट्रॅपला, म्हणजे जमिनीतलं पाणी वाहून जातं त्या तोंडाला, बूच लावून दोन इंच रंगीत पाणीही भरलं आणि पातळीवर पेन्सिलने खूण केली. दुसऱ्या दिवशी पाणी खुणेलाच होतं, खाली रंगाचा मागमूस नाही. म्हणजे जमीन आणि ट्रॅप दोन्ही शाबूत.

आमच्या प्लंबरने फक्त दोन टाइल्स काढल्या. एल्बोला केसाएवढी चीर होती, बोट लावलं की ओलं होत होतं.

तपासणीचे ४,५०० रुपये. दुसऱ्या दिवशी बूच काढायला आले त्याचे आणखी ८०० घेतले. हे फोनवरच सांगायला हवं होतं. दुरुस्ती हे लोक करत नाहीत, आणि मला ते योग्यच वाटतं. तोडण्यात ज्याची कमाई नाही, त्याच्या निदानावर विश्वास बसतो. रिपोर्ट इंग्रजीत आला, आजींना मला वाचून दाखवावा लागला. मराठीत एक पान दिलं तर फार बरं होईल.

आजींचं छत वाळायला तीन आठवडे लागले. सळी गंजून फुगली होती, तो भाग खरवडून नीट करून दिला, त्याचा खर्च आम्ही केला.

बोलवायचं असेल तर मे संपायच्या आत बोलवा. पाऊस लागला की बाहेरच्या भिंतीची ओल आणि पाइपची ओल यांत फरक करणं यांनाही अवघड जातं.