टेंपरेचर गन: दोन स्टार, त्यातला एक वॉचमनला

परवा ड्रॉवर आवरताना ही गन सापडली, २०२० ची, कोरोनातली. ऑफिसच्या गेटसाठी मीच ऑर्डर केलेली म्हणून शेवटी माझ्याच गळ्यात पडली. सेल आतच राहिलेले, स्प्रिंगला हिरवट-पांढरं काहीतरी धरलेलं, ते खरवडून नवे टाकले आणि च्यायला पहिल्या दाबाला चालू. टिकाऊ आहे हे आधीच सांगून टाकतो कारण पुढे मी शिव्याच घालणारे.

यातून किरण निघून मेंदूत जातात असं ज्यांना अजून वाटतं त्यांना सांगतो, नाही जात. ती काही सोडत नाही, कपाळातून निघणारी उष्णता फक्त पकडते, आणि लाल ठिपका असलाच तर तो नेम धरायला. पण या अफवेपायी आमचं निम्मं ऑफिस कपाळाऐवजी मनगट पुढे करायचं, मनगट गार, त्यामुळे आकडा यायचा ९३, ९४. एवढं टेंपरेचर असलेला माणूस खरंतर हॉस्पिटलमध्ये पाहिजे, आमच्याकडे वहीत "९३.६ ओके" लिहून आत!

मुळात ही मोजते कातडीचं टेंपरेचर, अंगातलं नाही. म्हणजे उन्हातून चालत आला त्याला ताप आणि एसी गाडीतून उतरला तो ठणठणीत. दहा-पंधरा मिनिटं आत बसवून मग मोजायचं असतं, पण मागे रांग लागलेली असताना कोण बसवतंय. आणि लागण झालीये पण ताप नाही असा माणूस तर हसत हसत आत जाणार, हे सगळ्यांना माहीत होतं तरी नियम म्हणजे नियम.

एकदा इंटरव्ह्यूला आलेल्या एका पोराचं ९९.९ आलं. भर उन्हात चालत आलेलं. तिथेच कोपऱ्यात उभं राहून फाइलने कपाळाला वारा घालत होतं की आकडा उतरेल, दोनदा मोजलं, नाही उतरला, गेटवरूनच परत पाठवलं. पुढच्याच आठवड्यात एक पुढारी आले, मास्क हनुवटीला, मागे पंधरा-वीस माणसं. वॉचमनने सवयीने हात वर केला तर कुणीतरी "अरे साहेबांना काय लावतोस" म्हणत त्याचा हात खाली दाबला. मी तिथेच होतो, मी पण गप्प बसलो.

मग जगभरच्या बातम्या वाचून वाटायचं की सगळीकडे हेच गेट आहे. ब्रिटनमध्ये लोकांना शेवटच्या घटकेला आईबापाजवळ बसता येत नव्हतं आणि पंतप्रधानांच्या ऑफिसात पार्ट्या, जॉन्सनना दंड झाला तो एप्रिल २०२२ मध्ये आणि किती तर ५० पौंड. कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर न्यूसम लोकांना एकत्र जमू नका सांगत होते आणि नोव्हेंबर २०२० मध्ये स्वतः महागड्या रेस्टॉरंटमधल्या बर्थडेला. नॉर्वेत मात्र पंतप्रधान सोलबर्गना स्वतःच्या साठीच्या कार्यक्रमासाठी पोलिसांनी २०,००० क्रोनरची पावती फाडली आणि बाईंनी माफी मागितली, तेवढं एक बरं वाटलं.

पण "वरचे सगळे चोर, मीच तुमचा माणूस" म्हणत येतात ना, त्यांच्या नावाने पण माझ्याकडे काही टाळ्या नाहीत. हे जॉन्सन २०१९ ला जनता विरुद्ध संसद असं म्हणतच जिंकलेले. ब्राझीलचे तेव्हाचे अध्यक्ष बोल्सोनारो तर कोरोनाला किरकोळ फ्लू म्हणत बिनमास्क गर्दीत शिरायचे आणि जुलै २०२० ला स्वतःच पॉझिटिव्ह. यांचं कपाळ कुठल्या वॉचमनने मोजलं असेल सांगा.

असो, घ्यायची का? बाळाच्या अंघोळीचं पाणी बघायला सरफेस मोडवर ठीक आहे, फक्त चकचकीत स्टीलवर रोखू नका, आकडा भलताच येतो. तापासाठी साधा काखेतला डिजिटल थर्मामीटर घ्या.

एक स्टार एवढं सडूनही चालू झाली म्हणून. दुसरा वॉचमनला, सबंध ड्युटी उभं राहून प्रत्येकाच्या तोंडासमोर हात नेणारा तोच एकटा होता. वहीत रोज पहिली ओळ त्याची स्वतःची असायची, त्याच्याच अक्षरात. ९७.४. दुसऱ्या दिवशी पण ९७.४. आख्खी वही बघितली, रोज ९७.४.