कानातली खरूज आणि 'खरगोश स्पेशल' औषध

गेल्या पावसाळ्यात आमच्या दीड किलोच्या सशाने, ज्याला माझी मुलगी भुऱ्या म्हणते, सारखे डोके झटकायला आणि मागच्या पायाने कान खाजवायला सुरुवात केली. कान उलटून पाहिला तेव्हा आत पापुद्र्यावर पापुद्रा चढलेली जाड, तपकिरी खपली दिसली. रामबागेत आमच्या घराजवळच्या पशुवैद्यांकडे कुत्री-मांजरेच येतात, सशाचे त्यांना काय कळणार, असा माझा आगाऊ समज होता. म्हणून इंदूरमधल्या ज्या दुकानातून ससा आणला होता, तिथेच मी गेले.

दुकानदाराने गल्ल्याखालच्या डब्यातून बोटाच्या पेराएवढी प्लास्टिकची नळी काढली. तिच्यावर 'खरगोश स्पेशल' असे छापलेला कागद चिकटवलेला होता. "कुत्तेवाली दवा नहीं है भाभीजी, खास खरगोश की है," असे सांगून त्याने ४५० रुपये घेतले. पावती मागितली तेव्हा कोऱ्या चिठ्ठीवर नुसता आकडा लिहून दिला आणि मी ती मुकाट्याने पर्समध्ये ठेवली.

रात्री मानेवरचे केस बाजूला सारून मी औषध सोडले. सकाळी भुऱ्या कोपऱ्यात अंग चोरून बसला होता, कोथिंबीर नाकाशी नेली तरी तोंड फिरवत होता, आणि पिंजऱ्यात रात्रीची एकही ताजी लेंडी नव्हती. दहाच्या सुमारास त्याचे अंग थरथरू लागले, तेव्हा आम्ही थेट महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय गाठले. डॉक्टरबाईंनी काय लावले ते विचारून नळी हातात घेतली, स्पिरिटच्या बोळ्याने वरचा कागद भिजवला आणि नखाने सोलला. खाली मूळ छपाई होती: कुत्र्याचे चित्र, '१० किलोपर्यंत' आणि 'फिप्रोनिल'.

कुत्र्यांच्या पिसवा-गोचिडांवर सर्रास वापरले जाणारे हे औषध सशाला विषासारखे बाधते. त्याने खाणे सुटते, झटके येतात, आणि कित्येक ससे दगावतात. त्यावर नेमका उतारा नाही. मानेवरची तेवढीच जागा सौम्य साबणाने धुऊन लगेच कोरडी केली (सशाला पूर्ण अंघोळ घातली तर तो गारठून किंवा धास्तीनेही मरू शकतो), झटक्यांवर औषध दिले आणि ऊब दिली. पुढचे पाच दिवस मी दर तीन तासांनी गवताच्या भुकटीची पेज सिरिंजने भरवत होते, कारण सशाचे पोट बारा तास रिकामे राहिले तरी आतड्यांची हालचाल मंदावते.

कानाचे निदान मात्र सोपे निघाले. खपलीचा कण सूक्ष्मदर्शकाखाली धरताच माइट, म्हणजे खरूज करणारे सूक्ष्म जीव, वळवळताना दिसले. भुऱ्या सावरल्यावर आयव्हरमेक्टिनचे इंजेक्शन कातडीखाली दिले. एक टक्क्याच्या औषधाची दीड किलोच्या सशाला लागणारी मात्रा एका मिलीलिटरच्या सहा शतांशांएवढी असते, म्हणून ती घरी अंदाजाने देण्याची गोष्टच नाही. हे औषध अंडी मारत नाही, त्यामुळे चौदा दिवसांनी ते पुन्हा द्यावे लागले. खपली ओढून काढायची नाही, कारण खाली कच्ची जखम असते; माइट मेले की ती आपोआप गळते, आणि तशी ती गळलीही. सशाची सोबतीण वरवर धडधाकट होती, तरी तिलाही इंजेक्शन घ्यावे लागले. पिंजरा उकळत्या पाण्याने धुऊन जुने गवत फेकले. पावसाळ्यात ओल्या शेपटीखाली माशी अंडी घालते आणि दिवसभरात अळ्या मांसात शिरतात, म्हणून आता सकाळ-संध्याकाळ सशांची मागची बाजू पाहते.

दुकानदाराकडे सोललेली नळी घेऊन गेले, तेव्हा ती आपल्या दुकानातली नाहीच, असे त्याने शांतपणे सांगितले. ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर मी तक्रार नोंदवली. पण पुरावा म्हणून द्यायला माझ्याकडे दुकानाचे नाव, औषधाचे नाव आणि तारीख यांपैकी काहीही नसलेली, फक्त '४५०' एवढेच लिहिलेली ती चिठ्ठी होती.