डॅली मेसेंजरची कारकीर्द वाचायची, तर 'ट्रोव्ह'वर

ऑस्ट्रेलियातल्या रग्बी लीगच्या पहिल्यावहिल्या व्यावसायिक खेळाडूंबद्दल वाचायचंय? मग ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचं 'ट्रोव्ह' हे संकेतस्थळ उघडाच. जुन्या वर्तमानपत्रांची अख्खी पानं, आणि तीही फुकट!

मी मूळची क्रिकेटवेडी. ऑस्ट्रेलियाचा फलंदाज व्हिक्टर ट्रंपर याचा माग काढता काढता रग्बीपटू डॅली मेसेंजरपाशी पोचले. 1907 मध्ये सिडनीत हौशी रग्बी युनियनपासून फुटून खेळाडूंना पैसे देणारी बंडखोर लीग उभी करणाऱ्यांत ट्रंपर होता, आणि युनियनचा लाडका मेसेंजर या मंडळींनी आपल्याकडे ओढला. न्यूझीलंडच्या व्यावसायिक संघाविरुद्ध तो खेळला आणि मग त्याच संघातून ब्रिटनला गेला, त्यातला एकुलता एक ऑस्ट्रेलियन म्हणून. चरित्रात हे दोन ओळींत उरकतं. इथे ऑगस्ट 1907 निवडा आणि 'सिडनी मॉर्निंग हेराल्ड' हे दैनिक व 'रेफरी' हे खेळांचं वर्तमानपत्र शेजारी शेजारी उघडून वाचा. उद्या काय होणार हे लिहिणाऱ्यालाही ठाऊक नसतं, ती खरी मजा.

1911चा मोसम तर मी अक्षरशः चवीने वाचला. मेसेंजरचे त्या मोसमातले 270 गुण, हा विक्रम थेट 1935 पर्यंत टिकला. ट्रायला, म्हणजे गोलरेषेपलीकडे चेंडू टेकवला की, तीन गुण; गोलला, म्हणजे लाथेने चेंडू खांबांमधून मारला की, दोन. शनिवारच्या सामन्याचं वृत्त काढायचं, गुणफलक बघायचा, पुढच्या आठवड्याकडे जायचं. आकडा असा डोळ्यांसमोर वाढताना पाहिला की माणूस कळतो.

शोधताना नुसतं 'मेसेंजर' टाकू नका, निरोप्यांच्या नोकऱ्यांच्या जाहिरातीच समोर येतील. त्याच्या हर्बर्ट हेन्री या खऱ्या नावाची आद्याक्षरं घेऊन 'एच. एच. मेसेंजर' अवतरणचिन्हांत टाका आणि वर्ष ठरवून घ्या. पानाचं चित्र आणि यंत्राने वाचलेला मजकूर दोन्ही शेजारी दिसतात. शाई पुसट असेल तिथे यंत्र चुकतं, पण ती ओळ वाचकालाच दुरुस्त करता येते. मी करते. पुढच्याचा शोध सोपा होतो, आणि हे काम मला मनापासून आवडतं.

ब्रिटन दौऱ्यासाठी मात्र हे पुरत नाही. न्यूझीलंडची बाजू तिथल्या जुन्या वर्तमानपत्रांच्या 'पेपर्स पास्ट' या संकेतस्थळावर मोफत मिळते, ब्रिटिश वृत्तपत्रांच्या संग्रहाला बहुतांशी पैसे मोजावे लागतात.

1913 हा त्याचा शेवटचा मोसम. त्याच्या ईस्टर्न सबर्ब्स क्लबने लागोपाठ तिसरं विजेतेपद मिळवलं आणि त्यामुळे कायमची मिळालेली विजेतेपदाची ढाल मेसेंजरलाच देऊन टाकली. वेळ कमी असेल तर त्या वर्षाचे 'रेफरी'चे अंक आधी काढा.