लॉर्ड हॅरिसचं चित्र आणि रत्नागिरीतली फ्रेम

लंडनच्या ‘व्हॅनिटी फेअर’ साप्ताहिकात 1881 साली छापलेलं, इंग्लंडचा क्रिकेटपटू आणि पुढे मुंबईचा गव्हर्नर झालेल्या लॉर्ड हॅरिसचं रंगीत शिळाछाप चित्र रत्नागिरीतल्या एका दुकानाने फ्रेम केलं आहे. काम मनापासून केलेलं आहे. किनाऱ्यावर जुना कागद बऱ्याचदा फ्रेमच्या आतच खराब होतो, म्हणून तपशील देतो.

काच कागदाला टेकलेली नाही, ही सगळ्यात मोठी गोष्ट. मधे आम्लमुक्त माउंटची, म्हणजे चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीची, जाडी आहे. पावसाळ्यात काचेला आतून घाम सुटतो. कागद टेकलेला असेल तर तो काचेलाच चिकटतो, बुरशी धरते, तांबूस ठिपके येतात. चित्र फक्त वरच्या कडेला दोन जागी, जपानी कागदाच्या पट्ट्या आणि गव्हाच्या खळीने टांगलंय. दमट हवेत कागद फुगतो, उन्हाळ्यात आखडतो. बाकीच्या तीन कडा मोकळ्या असल्याने त्याला सुरकुत्या पडत नाहीत. सेलोटेप किंवा फेविकॉल हातात घेणाऱ्या कारागिराकडे असं चित्र देऊच नका.

पाठीला मात्र साधा हार्डबोर्ड आणि लोखंडी चुका होत्या. हार्डबोर्डमधलं आम्ल हळूहळू कागदात उतरतं, चुका खाऱ्या हवेत गंजतात. सांगितल्यावर आम्लमुक्त पुठ्ठा आणि पितळी स्क्रू बसवून दिले. हे ऑर्डर देतानाच ठरवून घ्यावं.

मागच्या चिठ्ठीवर ‘मुंबईचा गव्हर्नर’ एवढंच छापलंय, ते या चित्राला चूक आहे. 1881 मध्ये तो केंट या इंग्लिश काउंटी क्रिकेट संघाचा कप्तान होता आणि आदल्याच वर्षी लंडनच्या ओव्हल मैदानावर, इंग्लंडच्या भूमीवरच्या पहिल्या कसोटीत, त्याने इंग्लंडचं नेतृत्व केलं होतं; पहिल्या डावात 52 धावाही काढल्या. भारत खात्याचा उपमंत्री झाला तो 1885 मध्ये, मुंबईचा गव्हर्नर 1890 ते 1895. 1893 च्या दंगलीत पुण्याहून मुंबईला उशिरा आल्याबद्दल त्याच्यावर सडकून टीका झाली, तेही चिठ्ठीवर यायला हवं. आपल्याकडे हॅरिस शील्ड या मुंबईच्या शालेय क्रिकेट स्पर्धेमुळे नाव ठाऊक असतं, माणूस नसतो.

घरी लावताना जांभ्याच्या बाहेरच्या भिंतीवर, विशेषतः पश्चिमेच्या, लावू नका. आतल्या भिंतीवरही फ्रेमच्या खालच्या कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवा, म्हणजे मागून हवा खेळेल.