सात प्रश्नांचा कागद: आयसीएस वापरून काही महिने झाल्यावर

मुलाचं बोलणं कुणाकुणाला कळतं, एवढंच विचारणारी ‘इंटेलिजिबिलिटी इन कॉन्टेक्स्ट स्केल’ (आयसीएस) मी जूनपासून प्रत्येक नव्या मुलाच्या तपासणीत वापरते आहे. साताऱ्यात माझं स्पीच थेरपीचं क्लिनिक आहे. येणारी बरीचशी मुलं बालवाडीच्या वयाची. शॅरीन मॅक्लाउड आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेली ही प्रश्नावली फुकट मिळते आणि साठाहून जास्त भाषांत आहे.

गेल्या महिन्याभरातलं बोलणं आठवून पालकांनी उत्तरं द्यायची: तुम्हाला कळतं का, घरच्यांना, नातेवाइकांना, मित्रांना, ओळखीच्यांना, शिक्षकांना, अनोळखी माणसांना? ‘नेहमी’ला ५, ‘कधीच नाही’ला १. मग सातांची सरासरी. पाच मिनिटांत होतं.

माझ्या मते खरा माल सरासरीत नाही, ओळींमधल्या फरकात आहे. चार वर्षांचा एक मुलगा आला होता. आई म्हणाली, “मला तर सगळं कळतं हो, सासूबाईच मागे लागल्या म्हणून आणलं.” आईचे ५, घरच्यांचे ५, नातेवाईक आणि मित्र ४, ओळखीचे आणि बाई ३, अनोळखी २. सरासरी ३.७. तिच्याच हाताने खाली खाली उतरत गेलेले ते आकडे पाहून आई गप्प झाली. चित्रं दाखवली तर काकाचा ‘ताता’, गाडीची ‘दाडी’, केळ्याचं ‘तेळं’. क आणि ग जिभेच्या मागच्या भागाऐवजी पुढून निघत होते. कान तपासून घेतले, ते ठीक निघाले. मग थेरपी सुरू केली. आता बाईंची ओळ ४ वर आली आहे, आणि तो वर्गात हात वर करतो, याचा मला फार आनंद आहे.

उणिवाही मोठ्या आहेत. कुठला उच्चार चुकतो हे कागद सांगत नाही. स्वच्छ बोलणारं पण चौथ्या वर्षीही दोनच शब्दांचं वाक्य करणारं मूल इथे सहज पाचात पाच मिळवतं. अडखळत बोलणारंही निसटू शकतं. म्हणून केवळ यावर कुणी ‘मूल ठीक आहे’ म्हणू नये. श्रवणचाचणी, तोंडाची तपासणी, आकलन, सगळं करायलाच हवं. ऑस्ट्रेलियातल्या ८०३ इंग्रजी बोलणाऱ्या मुलांची सरासरी ४.४ आली होती, पण तो आकडा मराठी मुलाला लावणं मला पटत नाही. घरी मराठी आणि शाळेत इंग्रजी असेल तर मी दोन्ही भाषांसाठी वेगळा कागद भरून घेते.

शिक्षकांची ओळ पालक बऱ्याचदा अंदाजाने भरतात. त्यामुळे पालकांची परवानगी घेऊन मी बालवाडीच्या बाईंना फोन करते. त्यांनी दिलेला आकडा सरासरीत धरत नाही, समासात वेगळा लिहून ठेवते.