वाचनालयासाठी खिशातला प्रोजेक्टर: दहा महिने, एक फुगलेली बॅटरी आणि ती धून

आधी मनातलं बोलून टाकतो. हा प्रोजेक्टर चालू करताना जी धून वाजते, ती ज्यानं बसवली तो माणूस जन्मात कधी वाचनालयाची पायरी चढला नसणार.

बाकी डब्यावर लिहिलंय ते असं. चित्र 854 बाय 480 ठिपक्यांचं, उजेड 120 एएनएसआय लुमेन (लुमेन हे उजेडाचं माप), आत अँड्रॉइड, वजन अर्ध्या किलोच्या आत. आमचं वाचनालय यवतमाळ जिल्ह्यात दारव्हा तालुक्यातलं, ड वर्गाचं, म्हणजे सरकारी अनुदानाच्या प्रतवारीत सगळ्यात खालचं. दोन खोल्या, वर टिनं. जानेवारीत घेतला, साडेअठरा हजाराला. अनुदानाचा हप्ता यायचा होता म्हणून अध्यक्ष अण्णाजींनी पदरचे पैसे घातले. तेवढ्यात 32 इंची टीव्ही येऊन वर एक कपाटही आलं असतं, हे ते आजही महिन्यातून एकदा ऐकवतात.

तर धून. बाजूच्या खोलीत पोलीस भरतीची पोरं अभ्यासाला बसलेली, इकडे म्हातारी मंडळी पेपर वाचतायत. मी बटण दाबलं आणि चार सेकंद असा काही बाजा वाजला, की एक काकाजी चष्म्यावरून बघत म्हणाले, "काहून गा, वरात आली काय?" आवाज शून्यावर नेऊन मशीन बंद केलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा वरात. सेटिंगमध्ये तासभर शोधलं, बंद करायची सोयच नाही. आपण ठेवलेला आवाज अँड्रॉइड उठल्यावर लागू होतो, धून त्याच्या आधीच वाजून मोकळी होते. दोन महिने मी मशीन गोधडीत गुंडाळून अंगणात चालू करायचो आणि मग आत आणायचो. हसू नका.

मार्चमध्ये उपाय सापडला. खराब इअरफोनची वायर मुळापासून कापायची आणि नुसती पिन हेडफोनच्या भोकात घालून ठेवायची. मशीनला वाटतं इअरफोन लागलाय, आवाज तिकडे जातो, म्हणजे कुठेच जात नाही. कार्यक्रम सुरू झाला की पिन काढायची. खर्च शून्य. दहा महिन्यांत एवढं समाधान मला दुसऱ्या कशानंच दिलं नाही.

उजेडाचं म्हणाल तर दिवसा विसरा. खिडक्यांना गोणपाट लावूनही दुपारी चित्र फिकटच दिसतं. सायंकाळची सामुदायिक प्रार्थना आटोपली की आम्ही लावतो, तेव्हा पाच फूट रुंद चित्र झकास दिसतं. मोह होतो आठ फूट करायचा. पण पाचाचं आठ केलं की तोच उजेड अडीचपट जागेवर पसरतो, आणि चित्र चहात दूध जास्त झाल्यासारखं दिसतं. पडदा विकत घेऊ नका, चुना मारलेली सपाट भिंत पुरते. अडचण वेगळीच आहे. पाच फुटांसाठी मशीन भिंतीपासून सहा फुटांवर ठेवावं लागतं, म्हणजे बरोबर पोरांच्या मधोमध. दर शनिवारी कोणीतरी स्टुलाला लाथ मारतोच.

दाखवायचं काय? बालभारतीच्या 'किशोर' मासिकाचे जुने अंक त्यांच्या संकेतस्थळावर फुकट आहेत, थेट 1971 पासूनचे. ते पेनड्राइव्हवर घेतले. पूर्ण पान लावलं तर 480 ओळींच्या चित्रात अक्षरं मुंग्यांसारखी. अर्धं पान मोठं करून, सरकवत सरकवत वाचावं लागतं. पण एक पोरगी वाचते, बाकीची डोळ्यांनी मागे धावतात, हे पुस्तक हातोहात फिरवून झालं नसतं. पॉवरपॉइंटच्या मराठी फाईली मात्र आतल्या ॲपमध्ये उघडू नका. जोडाक्षरांची पार वाट लागते. घरूनच पीडीएफ करून न्या.

मे महिन्यात मी या मशीनवर फुली मारली होती. पुस्तिकेत वापराचं तापमान 5 ते 35 अंश लिहिलंय. आमच्याकडे सायंकाळी सातला टिनाखाली याहून कमी असतं होय? वीस मिनिटांत गरम होऊन बंद पडायचं. कूलरसमोर ठेवलं तर चाललं, पण कूलरच्या घरघरीत त्याचा एवढासा स्पीकर ऐकूच येईना. जूनमध्ये खालचं झाकण उचललेलं दिसलं. बॅटरी फुगली होती. ती तशी वापरू नका, चार्जिंगला तर अजिबात लावू नका.

वॉरंटी वर्षाची, म्हणून एसटीनं नागपूर गाठलं. सर्व्हिस सेंटरमधला पोरगा बिल बघून म्हणाला, "बिल संस्थेच्या नावावर आहे सर, वॉरंटी घरगुती वापरालाच आहे." म्हटलं, बाबा, आमच्या संस्थेचा धंदा कोणता? उशिरा पुस्तक आणणाऱ्याकडून आठवड्याला एक रुपया दंड घेतो, तोही मागावा लागतो. त्याला काही फरक पडला नाही. बॅटरीचे 3,200 मागितले. मी मशीन तिथंच ठेवलं, पावती घेतली, आणि बाहेर येऊन 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन लावला. तक्रार क्रमांक मिळाला. नोंदणीचं प्रमाणपत्र पाठवलं, वाचनालय नफ्यासाठी चालत नाही असं अध्यक्षांच्या सहीचं पत्र पाठवलं. अकरा दिवसांनी त्याच सेंटरचा फोन, "सर, फुकटात होऊन जाईल." तुम्ही घेणार असाल तर बिल आणि वॉरंटीची अट आधी बघा, लुमेन मागाहून मोजा.

मत बदललं ते सप्टेंबरात. कृषी सहायकानं विचारलं, कपाशीवरच्या बोंडअळीचे फोटो मोठे दाखवता येतील का? मशीन पिशवीत टाकून देवळासमोर नेलं. डोमकळी (अळीमुळे न उमललेलं फूल), फुलातली अळी, कामगंध सापळ्यातले (मादीच्या वासाचं आमिष लावून पकडलेले) पतंग, सगळं पाच फूट रुंद चित्रात. सलग तीन रात्री सापळ्यात आठ-आठ पतंग आले तर फवारणीचा विचार करा, हे सांगताना तो भिंतीवरच्या पतंगावर काठी ठेवत होता. तितक्यात लाइन गेली. मशीन बॅटरीवर आलं, उजेड आपोआप उतरला, पण अंधारात कोणाला कळलंही नाही. कंपनी अडीच तास म्हणते, आमचं पावणेदोन तास चाललं. त्या रात्री अण्णाजींनी टीव्हीचा विषय काढला नाही. पुढच्या महिन्यात काढला.

दुसऱ्यांना घ्या म्हणू का? कार्यक्रम सायंकाळचे आणि जागोजागी फिरायचं असेल तर घ्या. एकाच खोलीत दिवसा दाखवायचं असेल तर अण्णाजींचं ऐका.

आणि हो, सर्व्हिस सेंटरच्या पावतीवर 'सोबत आलेल्या वस्तू' म्हणून चार्जर आणि रिमोट लिहिले होते. पिन लिहिली नव्हती. मशीन आलं, पिन आली नाही, आणि घरी आणून बटण दाबलं तर नवीन सॉफ्टवेअरसोबत धून आणखी लांबलेली. गावभर फिरून बिघडलेला इअरफोन मिळवला. नवी पिन आता डेड स्टॉक रजिस्टरला, म्हणजे वाचनालयाच्या सामानाच्या नोंदवहीत, चढवली आहे: नग एक, किंमत शून्य.