वायरला ब्लेड न लावणारं दुकान: नाशिकमधला माझा अनुभव

वॉरंटीतल्या गाडीवर बाहेरून काम करून घ्यायचं असेल, तर नाशिकमध्ये मी आता एकाच ठिकाणी जाते. मुंबई नाक्याजवळच्या गल्लीत, दोन गाड्या जेमतेम मावतील एवढं हे दुकान आहे. स्टीरिओ, रिव्हर्स कॅमेरा, फॉग लॅम्प, अलॉय व्हील आणि सीट कव्हर एवढं सगळं मी इथून करून घेतलं आणि गाडीची वॉरंटी शाबूत आहे. हे मी अंदाजाने म्हणत नाही. या सगळ्या कामांनंतर माझा एक वॉरंटी क्लेम मंजूर झालाय, त्याबद्दल पुढे लिहितेच.

मी औषध कंपनीत फील्डवर आहे. सिन्नर, घोटी, इगतपुरी हा माझा रोजचा पट्टा, आणि महिन्यातून कधीतरी कसारा घाट उतरून शहापूरपर्यंत. गाडी घेताना बजेटमुळे मधलं व्हेरिएंट घेतलं: 14 इंची स्टीलची चाकं, साधा ऑडिओ, कॅमेरा नाही, बंपरमध्ये फॉग लॅम्पच्या जागी प्लॅस्टिकची झाकणं. वरच्या व्हेरिएंटसाठी लाखभर जास्त मोजण्यापेक्षा हवं तेवढंच नंतर बसवू, असा हिशोब होता. अडचण एवढीच की, ज्याला विचारावं तो सांगायचा, “बाहेर हात लावलात की वॉरंटी गेली.”

दुकानाच्या काकांनी पहिल्यांदा गाडी बघितलीच नाही. म्हणाले, “ताई, आधी वॉरंटीचं पुस्तक आणा.” ग्लव्ह बॉक्समधून काढून दिलं, तर चष्मा लावून थेट ‘वॉरंटीत काय बसत नाही’ त्या पानावर गेले. तिथे जे लिहिलेलं असतं त्याचा मथितार्थ बहुतेक कंपन्यांमध्ये सारखाच: गाडीत केलेल्या बदलामुळे किंवा कंपनीच्या नसलेल्या पार्टमुळे जो बिघाड होईल, तो वॉरंटीत धरला जाणार नाही. काकांनी ‘मुळे’ या शब्दावर बोट ठेवलं. स्टीरिओ बदलला म्हणून गिअरबॉक्सची वॉरंटी जात नाही. पण स्टीरिओसाठी वायर कापली आणि पुढे त्याच सर्किटमध्ये काही जळलं, तर सर्व्हिस सेंटर नाही म्हणणार आणि आपल्याला बोलायला तोंड राहणार नाही. त्यांचं सगळं काम या एका समजुतीवर उभं आहे.

स्टीरिओ आणि कॅमेऱ्याचं काम मी शेजारी उभी राहून पाहिलं. बाहेरच्या बऱ्याच दुकानांत रिव्हर्स कॅमेऱ्याला करंट देण्यासाठी रिव्हर्स लाइटची वायर सोलतात, तिला दुसरी वायर पिळतात आणि वर काळी टेप गुंडाळतात. पहिला पावसाळा निघतो. मग टेपचा गोंद सुटतो, ओल आत शिरते, तांबं हिरवं पडतं, आणि एक दिवस रिव्हर्स लाइट, कॅमेरा आणि फ्यूज एकदमच जातात. काकांनी डिकीचं ट्रिम (आतलं प्लॅस्टिकचं आवरण) काढलं, टेल लॅम्पचा मूळ कपलर (वायरी जोडणारा प्लग) सोडवला आणि मध्ये एक छोटं टी-हार्नेस बसवलं. एका बाजूला गाडीचा कपलर, दुसऱ्या बाजूला लॅम्प, आणि तिसरी शेपटी कॅमेऱ्याला. त्या शेपटीवर वेगळा फ्यूज. कॅमेऱ्याची वायर गाडीच्या मूळ वायरिंगला कापडी टेपने बांधून पुढे आणली, म्हणजे खडखड नाही आणि पत्र्याच्या कडेवर घासणं नाही. स्टीरिओलाही तेच, मागे कन्व्हर्टर कपलर. काढायचा झाला तर सगळं उपटून कंपनीचा जुना स्टीरिओ पुन्हा तसाच बसेल. तो जुना त्यांनी बबल रॅपमध्ये गुंडाळून माझ्या हातात दिला आणि वॉरंटी संपेपर्यंत विकू नका असं बजावलं.

काम चालू असताना प्रत्येक टप्प्याचे फोटो काढून व्हॉट्सॲपवर पाठवतात: आधीची वायर, बसवलेला कपलर, बंद केलेलं ट्रिम. बिलावर नुसतं ‘ॲक्सेसरी फिटिंग’ नसतं. कुठला पार्ट, कुठल्या कपलरवर, फ्यूज किती अँपिअरचा, वायर कापली की नाही, सगळं लिहून जीएसटीचं पक्कं बिल. हा कागद पुढे किती कामाला येतो ते माझ्या एका सहकाऱ्याच्या गाडीवरून कळलं. त्याने डिलिव्हरीच्या वेळीच शोरूममधून ॲक्सेसरीचं पॅकेज घेतलं होतं. पार्किंग सेन्सर बसवणारा मुलगा बाहेरचाच, कंत्राटावरचा. वर्षभराने मागची वायरिंग गंजली, तेव्हा क्लेम नाकारला गेला. काय, कुणी, कुठे जोडलं याचा बिलावर पत्ताच नव्हता, नुसता पॅकेजचा एकरकमी आकडा. तेव्हा शोरूममध्ये बसवलं म्हणजे आपोआप सुरक्षित, असं धरून चालू नका.

फॉग लॅम्पच्या बाबतीत मला हे दुकान सगळ्यात जास्त आवडलं. मी गेले होते हेडलाइट वाढवायला. पावसाळ्यात कसारा घाटात धुकं उतरलं की पुढची पांढरी पट्टी दिसत नाही, त्यामुळे 100/90 वॅटचे (हाय बीम/लो बीम) बल्ब टाकून द्या म्हटलं. काकांनी साफ नकार दिला. हेडलाइटच्या एच-फोर प्रकारच्या बल्बची ठरलेली क्षमता 60/55 वॅट. 12 व्होल्टवर 60 वॅट म्हणजे 5 अँपिअर, 100 वॅट म्हणजे 8 च्या वर. वायर, कपलर आणि स्विच हे सगळं 5 साठी बनवलेलं. वाढलेल्या उष्णतेने आधी कपलरचं प्लॅस्टिक पिवळं पडतं, मग रिफ्लेक्टरची चमक जाते. रिले (जास्तीचा करंट वेगळ्या वायरने देणारा स्विच) टाकून वायरिंग वाचवता येते, पण रिफ्लेक्टर आणि समोरच्याचे डोळे वाचत नाहीत. हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये एलईडी बल्ब टाकायलाही ते तयार नाहीत, कारण प्रकाश वाटेल तिकडे फाकतो. धुक्यात जास्त वॅटचा उलट त्रासच होतो, पांढरी भिंत आणखी पांढरी होते, हे मला घाटात दरवेळी दिसतं, पण बल्बशी मी ते कधी जोडलं नव्हतं.

मग त्यांनी गाडी भिंतीसमोर लावली, टायरची हवा तपासली, लेव्हलचा नॉब शून्यावर आणला आणि हेडलाइटचा फोकस बघितला. डावा दिवा बराच खाली बघत होता. एका लांब स्क्रू ड्रायव्हरने तो जागेवर आला. त्यानंतर बंपरखाली आडवे होऊन फॉग लॅम्पचं झाकण काढलं, आणि टॉर्चच्या उजेडात मला दाखवलं: कंपनीचा कपलर आधीपासून आत होता, फोमच्या पट्टीने मागच्या वायरिंगला चिकटवून ठेवलेला. काही गाड्यांमध्ये खालच्या व्हेरिएंटलाही हे वायरिंग देऊन ठेवतात, काहींत देत नाहीत, ते उघडून बघावं लागतं. काकांनी पार्ट नंबर लिहून दिले आणि मलाच कंपनीच्या पार्ट काउंटरवर पाठवलं, लॅम्प आणि स्विच तुमच्या नावाच्या बिलावर घ्या म्हणून. त्यात त्यांचं कमिशन बुडालं. माझ्याकडून घेतले ते फक्त मजुरीचे पैसे.

अलॉयची मला हौस होती, 16 इंची बघून ठेवले होते. त्यांनी वरच्या व्हेरिएंटला कंपनी जी साइज देते तीच घ्यायला लावली. माझा मूळ टायर 165/80 आर 14, म्हणजे बाहेरचा व्यास साधारण 620 मिलिमीटर. 185/65 आर 15 चा साधारण 621. स्पीडोमीटरला कळणारही नाही एवढा फरक. आणि ही साइज कंपनीच त्याच बॉडीवर विकत असल्यामुळे उद्या व्हील बेअरिंग किंवा सस्पेन्शनचा क्लेम आला, तर चाकांकडे बोट दाखवणं अवघड. अलॉयची ऑफसेट (चाक गाडीला जिथे बसतं ती जागा रिमच्या मध्यापासून किती बाजूला आहे ते अंतर) मूळ चाकाएवढीच हवी, नाहीतर भार बेअरिंगवर वेगळ्या जागी पडतो, हेही त्यांनीच तपासलं. सीट कव्हरचं थोडक्यात: माझ्या सीटच्या कडेला साइड एअरबॅग आहे, त्यामुळे त्या जागी मोकळी किंवा उसवणारी शिवण असलेलंच कव्हर. घट्ट लेदरेट त्यांनी दाखवलंही नाही.

आता क्लेम. पावसाळ्यानंतर डाव्या पुढच्या दाराची काच खाली जाऊन अडकली. सर्व्हिस सेंटरला गाडी दिली, तर ॲडव्हायजरची नजर आधी स्टीरिओवर गेली. “मॅडम, हे बाहेरून केलंय?” मी बिल आणि फोटो पुढे केले. त्यांनी इलेक्ट्रिशियनला बोलावलं, दाराचं पॅनल आणि स्टीरिओच्या मागची बाजू उघडली. काच वर-खाली करणारी मोटर गेली होती. इलेक्ट्रिशियन म्हणाला, “वायर अखंड आहे, कुठेच जॉइंट नाही. मोटरचा आणि याचा संबंध नाही.” मोटर वॉरंटीत बदलून मिळाली, एक रुपया लागला नाही. त्या सेंटरने नीट उघडून बघितलं, याचं श्रेय त्यांनाही.

असं बघायलाच नकार मिळाला तर काय, हे मी काकांना विचारलं होतं. ते म्हणाले, नकार लेखी मागा, जॉब कार्डावर कारण लिहून घ्या. मी स्वतः थोडं वाचलं. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट 2014 मध्ये 14 कार कंपन्यांविरुद्ध दिलेल्या आदेशात म्हटलं होतं की, बाहेरच्या गॅरेजमधून दुरुस्ती केली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करायची नाही. बाहेरच्या सदोष कामामुळे जेवढं नुकसान झालं, तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल. तो आदेश दुरुस्तीबद्दलचा होता आणि त्यावर पुढे अपिलंही झाली, म्हणून तो हातात हुकमाचा पत्ता असल्यासारखा नाचवू नये. पण ॲडव्हायजरशी बोलताना मुद्दा हाच धरावा: बिघाड आणि बदल यांचा संबंध दाखवा. पुढे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 आणि जिल्हा ग्राहक आयोग आहेतच. शिवाय वॉरंटीच्या मुदती आता वाढल्या आहेत. मारुती सुझुकीने जुलै 2024 मध्ये साधी वॉरंटी 2 वर्षं किंवा 40,000 किलोमीटरवरून 3 वर्षं किंवा 1,00,000 किलोमीटरवर नेली. माझ्यासारख्या फील्डवरच्या माणसाला यातला किलोमीटरचा आकडा महत्त्वाचा. एवढा काळ एका सोललेल्या वायरीपायी कशाला पणाला लावायचा?

काही कामं हे दुकान करतच नाही. इंजिनचं रीमॅप (सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवणं) नाही, एक्झॉस्ट नाही, समोरचं बुल बार तर नाहीच, त्यावर केंद्राने डिसेंबर 2017 पासून मनाई केली आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे आरसीवरच्या नोंदींशी विसंगत बदल करता येत नाही, आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलाला प्रत्येकी 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्हीही होऊ शकतं. सीएनजी किटसाठी माझ्यासमोर एकजण आला होता, त्याला सांगितलं की वॉरंटी चालू असेपर्यंत थांबा, नाहीतर पुढच्या वेळी कंपनी फिटेडच घ्या. बाहेरचं किट मंजूर असलं आणि आरटीओत आरसीवर चढवलं तरी इंजिनच्या क्लेमवर वाद व्हायचाच. गिऱ्हाईक परत पाठवणारा दुकानदार मला तरी फार भेटलेला नाही.

विम्याचंही त्यांनीच लक्षात आणून दिलं. स्टीरिओ, कॅमेरा यांसारख्या इलेक्ट्रिकल ॲक्सेसरी पॉलिसीत वेगळ्या नोंदवता येतात, प्रीमियम त्यांच्या किमतीच्या 4 टक्के. 25,000 च्या सामानाला वर्षाला 1,000 रुपये अधिक कर. मी नोंदवून टाकलं.

आता उणं काय ते. दुकान महाग आहे. कपलर किटचे पैसे वेगळे, मजुरीही इतरांपेक्षा सरळ दीडपट. सगळ्या गाड्यांचे कपलर त्यांच्याकडे नसतात, मला कॅमेऱ्याच्या हार्नेससाठी दोन आठवडे थांबावं लागलं. काम एकाच माणसाच्या हातचं, त्यामुळे सकाळी दिलेली गाडी संध्याकाळीच मिळते, आणि बसायला एक प्लॅस्टिकची खुर्ची. बायकांसाठी स्वच्छतागृहाची सोय नाही, ती त्यांनी करायलाच हवी. मी तोंडावर सांगितलंय आणि इथेही लिहिते. फोनवर भाव सांगत नाहीत, गाडी आणि पुस्तक दोन्ही घेऊन जावं लागतं.

आधी फोन करून वेळ घ्या, शक्यतो सकाळची पहिली. जाताना वॉरंटीचं पुस्तक, आरसीची प्रत आणि विम्याची पॉलिसी सोबत ठेवा. काम संपल्यावर काढलेले मूळ पार्ट मोजून ताब्यात घ्या आणि फोटो मोबाइलवर आले की नाही ते तिथेच बघा.